सिस्टर आणि हिरवे ठिपके

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. सिस्टर पायांकडे बघायच्या.

"आधी पाय दाखवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. समोर रुग्ण असो, रुग्णाचा जावई असो, नाहीतर हॉस्पिटलचा ट्रस्टी. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर त्या अंगठा रोवायच्या, मनातल्या मनात पाच मोजायच्या आणि अंगठा उचलून खड्डा भरायला किती वेळ लागतो ते डोळे बारीक करून बघायच्या. खड्डा राहिला तर अंगात पाणी साठलंय. नाही राहिला तर, "चला, आज तरी जगला," असं म्हणून मोकळ्या.

"तोंड खोटं बोलतं," त्या म्हणायच्या. "पाय न्हाई बोलत."

माझी त्यांची पहिली भेट हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत झाली. मी नवा होतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. त्या आत आल्या. नाव नाही, गाव नाही. वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "दिवसभर पाय लोंबकळत ठेवतोस व्हय रे? खाली काहीतरी घे. चाळिशीत शिरा फुगतील, मग येशील बोंबलत." मी कागदांचा रिकामा खोका पायाखाली घेतला. हॉस्पिटलमध्ये मला मिळालेली ती पहिली आरोग्यसेवा.

त्या आधी मी हिंजवडीत होतो. आमच्या कंपनीनं एका सकाळी 'रचनेत बदल' केला आणि त्या बदलात माझी खुर्ची गेली. मारुंजीत तिघांत मिळून घेतलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन महिने छताकडे बघत काढले. मग या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. काम असं : काही रुग्ण हॉस्पिटलमध्ये येतात, बरे होतात, घरी जातात आणि महिना उलटायच्या आत परत येतात. कुणाचं हृदय थकलेलं, कुणाची साखर हाताबाहेर, कुणाचा दमा. अशांची यादी करायची, त्यांच्यावर घरीच नीट लक्ष ठेवायचं, म्हणजे त्यांच्या खेपा वाचतील आणि हॉस्पिटलच्या खाटाही मोकळ्या राहतील. इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोठ्या कंपनीनं त्यासाठी निधी दिला होता.

कल्पना चांगली होती. मला ती अजूनही चांगली वाटते. चांगल्या कल्पनेचं वाटोळं करायला वाईट माणसं लागत नाहीत, एक प्रोजेक्टर पुरतो.

कार्यक्रमाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की ते पूर्ण म्हणेपर्यंत रुग्णाला धाप लागायची. म्हणून सगळे नुसतं 'प्रोग्राम' म्हणत. पहिल्या आठवड्यात यादीतल्या एका आजोबांना मी फोन केला आणि सांगितलं, "आजोबा, तुम्हाला आमच्या प्रोग्राममध्ये घेतलंय." ते म्हणाले, "कधी हाय? जेवायला हाय का?"

प्रोग्रामचे प्रमुख म्हणजे सर. सर पूर्वी मोबाइल कंपनीत होते. तिथे ते गेलेला ग्राहक परत यावा म्हणून झटत. इथे गेलेला रुग्ण परत येऊ नये म्हणून झटत. उत्साह तोच, दिशा उलटी. त्यांचं आवडतं वाक्य 'डेटा बोलतो'. त्यांनी खोलीच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावून घेतला. त्यावर यादीतल्या प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका. हिरवा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. रोज सकाळी आठला प्रत्येक रुग्णाच्या फोनवर एक मंजूळ बाई बोलायची. तुम्हाला बरं वाटत असेल तर एक दाबा, बरं वाटत नसेल तर दोन दाबा.

दोन दाबलं की आमच्याकडून फोन जायचा आणि चौदा प्रश्न विचारले जायचे. पंधरा दिवसांत अख्खी यादी शहाणी झाली. सगळे एक दाबायला लागले. अंथरुणातून उठता न येणारेही एक दाबायचे, दात घासता घासता दाबायचे, काहींच्या बायका दाबायच्या. पडदा हिरवागार झाला. सर त्याच्यासमोर उभे राहून शेतकऱ्यानं पीक बघावं तसे बघत राहत.

सिस्टर त्या पडद्याकडे पाठ करून बसायच्या.

या सिस्टर आल्या कुठून? तर निधीच्या कागदावर 'अनुभवी परिचारिका, गृहभेटींसाठी' अशी एक ओळ होती. कंपनीनं ती ओळ घातली होती म्हणून एक परिचारिका घ्यावी लागली. कराराची नोकरी, दरवर्षी नवा कागद. त्या आधी तीसेक वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या दवाखान्यात काढली होती. तिथे त्यांचं खरं काम आजार ओळखणं नव्हतं, सोंग ओळखणं होतं. बगलेत कांदा दाबून ताप आणणारे, गणपतीच्या आदल्या दिवशी पाठ धरणारे, सासुरवाडीला जायचं म्हणून जुलाब लागणारे. अशा हजारो माणसांच्या डोळ्यांत बघून बघून त्यांची नजर पोलिसासारखी झाली होती. तुम्हाला असं कुणीतरी माहीत असेल, ज्यांच्यासमोर खरंच डोकं दुखत असलं तरी आपल्यालाच शंका येते.

मूळच्या रहाटणीच्या. भावांनी शेत विकलं, त्यावर इमारत झाली, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. "माझी मोरी हाय ना, तिथं आमची म्हस बांधायची," असं त्या अभिमानानं सांगत. एरवी पुण्याच्या बाईसारखं शुद्ध बोलत, पण राग आला, काळजी वाटली किंवा थट्टा करायची असली की रहाटणी जागी होई. त्यामुळे बहुतेक वेळ जागीच असे.

स्वभावानं गोड बिलकूल नव्हत्या. लोकांच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय डबे उघडत. मधुमेहाच्या रुग्णाला दरडावताना स्वतः तीन चमचे साखरेच्या चहात बिस्किटं बुडवत. "मला साखर न्हाई, मी खाणार," हे वर. कुणाच्या घरातली भांडणं कुणाला सांगायची नाहीत, हा नियम त्यांना मान्य होता, फक्त आठवत नसे.

सरांनी त्यांना एक टॅब्लेट दिला होता, घरोघरी जाऊन माहिती भरायला. त्यांनी तो पिशवीत तळाशी ठेवला, वर केळी ठेवली. संध्याकाळी परत येऊन माझ्या शेजारी स्टूल ओढायच्या. "लिही."

"सिस्टर, इथे रुग्णाची मनःस्थिती असा रकाना आहे. चार पर्याय आहेत."

"लिही, सुनेवर चिडलाय."

"तो पर्याय नाही."

"मग तुझ्या मशीनला सून न्हाई. काय कळणार त्याला!"

यादीत सर्वांत वर नाव होतं भालेराव काकांचं. एका कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, हृदय थकलेलं. जवळजवळ दर महिन्याला अंगात पाणी भरून, धापा टाकत दाखल व्हायचे. चार दिवसांत पाणी उतरायचं, घरी जायचे, परत हजर. वॉर्डातले लोक त्यांना 'पासधारक' म्हणायचे. आमच्या मंजूळ बाईंना ते रोज न चुकता 'बरं वाटतं' सांगायचे, दाखल व्हायच्या दिवशीसुद्धा.

सिस्टर मला सोबत घेऊन त्यांच्या घरी गेल्या. पिंपरीतली जुनी कामगार वसाहत, दोन खोल्या, दारात तुळशीऐवजी कोरफड. काकू घरात, काका नाहीत.

"कुठं गेले?"

"फर्स्ट शिफ्टला," काकू म्हणाल्या.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण फर्स्ट शिफ्ट काही सुटली नव्हती. काका रोज सकाळी पावणेसातला घर सोडायचे. ज्येष्ठांचा बसपास घेऊन निगडीला जायचे, तिथे बसस्थानकावर जुने तीन सोबती जमायचे, दुपारी दोनला घरी परत. घरात बसून काय करायचं, घरात बसलेला पुरुष म्हणजे अडगळ, असं त्यांचं मत.

सिस्टरांनी औषधांचा डबा उघडला. एका पाकिटातल्या गोळ्या जवळजवळ तशाच. पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. रोज सकाळी एक.

"ही घेत न्हाईत?"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "रविवारी घेतात. घरी असतात तेव्हा."

दोन वाजता काका आले. सिस्टरांनी पाय दाबले. खड्डा राहिला. "गोळी का घेत न्हाई?" काका भिंतीकडे बघू लागले. म्हणाले, "बाई, ती घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. बसमध्ये कुठं जायचं? स्थानकावर जे आहे तिथं पाय ठेवायची सोय नाही. एकदा फजिती झाली. परत नाही म्हटलं."

एवढंच होतं. डॉक्टरांनी आठ वेळा लिहून दिलं होतं, गोळी सकाळी. मंजूळ बाईंनी शंभरदा विचारलं होतं, बरं वाटतं का. तुम्ही दिवसभर कुठे बसता, हे कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या चौदा प्रश्नांतही ते नव्हतं.

सिस्टरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. विचारून गोळीची वेळ दुपारी दोनची केली, शिफ्ट सुटल्यावर. "आता दोननंतर घरात काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या. काका लाजून हसले. त्यानंतर चार महिने ते दाखल झाले नाहीत.

सरांनी त्यावर एक स्लाइड केली, 'मेडिसिन टायमिंग ऑप्टिमायझेशन'. त्यात एक घड्याळ होतं, एक बाण होता, एक हसरा म्हातारा होता. बसस्थानक नव्हतं.

असंच चाकणच्या एका आजींचं. दम्याच्या. एक आठवडाआड, नेमक्या, दाखल. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, आणि एक आठवडाआड दोघांची शिफ्ट एकाच वेळी यायची. अख्खा मजला कामावर, आजी एकट्या. भीतीनं छाती भरायची, भरलेल्या छातीनं आणखी भीती. सिस्टरांनी समोरच्या बिऱ्हाडातल्या बीडकडच्या बाईंना गाठलं. दोन्ही दारं दिवसभर उघडी ठेवायची, आणि त्यांची भाजी आजींनी निवडायची, असं ठरलं. आजी दाखल व्हायच्या थांबल्या.

"उपचार काय लिहू?" मी विचारलं.

"मेथी."

मी 'सामाजिक आधार : सुरू' असं लिहिलं. सर खूश झाले.

आणि आता खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो. पडदा हिरवा होता आणि पहिल्यांदाच तो थोडाफार खरा होता. दाखल होणाऱ्यांचा आकडा खाली चालला होता. सर तो आकडा मोठा करून भिंतीवर लावायचे आणि म्हणायचे, डेटा बोलतो. सिस्टर म्हणायच्या, "बोलू दे. आपण ऐकायचं का न्हाई ते आपण ठरवायचं."

मग पाहुणे यायचं ठरलं.

निधी देणाऱ्या कंपनीतल्या मोठ्या बाई आणि त्यांच्याबरोबर चार-पाच जण, शुक्रवारी सकाळी. सोमवारी सरांनी बैठक घेतली. या महिन्यात यादीतला एकही रुग्ण दाखल झालेला नाही, शून्य, आणि हा शून्य शुक्रवारपर्यंत टिकला पाहिजे, असं ते म्हणाले. मग आमच्या तोंडांकडे बघून त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे, गरज असेल तर अर्थातच."

"गरज कुणी ठरवायची?" सिस्टर म्हणाल्या.

"प्रोटोकॉल ठरवेल."

"तो कुठं राहतो?"

सर हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

शुक्रवारी दारात रांगोळी, केळीचे खांब, हॉस्पिटलच्या मुलींच्या हातात ओवाळणीची ताटं. पोर्चमध्ये नवीकोरी रुग्णवाहिका, पाहुण्यांनीच दिलेली, तिच्या नाकावर लाल फीत. बारा वाजता कापायची होती. मी पडद्याजवळ उभा राहून ठिपके मोजत होतो. सगळे हिरवे. भालेरावही हिरवे, सकाळी आठला एक दाबलेला.

सव्वादहाला सिस्टरांचा फोन आला. "गाडी पाठव. भालेरावांना आणायचंय."

"सिस्टर, ते हिरवे आहेत."

"व्हय? इथं तर निळे पडाय लागलेत."

"पायावर पाणी आलंय का?"

"पाय कोरडे ठणठणीत."

मी गोंधळलो. "मग?"

"मग काय मग! पाय ठीक हायेत, माणूस ठीक न्हाई. दहा वाजले तरी घरात हाय, अंथरुणात. मला बघून उठला न्हाई. पास खिळ्याला लटकतोय. काकूला म्हणतो, शिफ्ट बुडाली का गं? वार कळत न्हाई त्याला. अंग भाजतंय. गाडी पाठव."

सर शेजारीच होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. आवाज मऊ ठेवून म्हणाले, की सिस्टर, घाई नको, आज घरीच निरीक्षणाखाली ठेवू, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचा कान लाल झाला. मग सर जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "तसंच असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलला न्या ना. तिथे नेलंत तर ते आपल्या डेटात येणार नाही."

फोन बंद झाला.

"सर, रुग्णवाहिका?" मी विचारलं.

"फीत आहे ना तिला," सर म्हणाले.

मी काही बोललो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्याविषयी आणखी सांगायचं आहे.

अर्ध्या तासानं पाहुणे उतरत होते. मोठ्या बाईंच्या कपाळाला कुंकू लागत होतं, आणि केळीच्या खांबांमधून एक रिक्षा थेट पोर्चमध्ये घुसली. रखवालदार शिट्टी वाजवत मागे. रिक्षातून सिस्टर उतरल्या, पदर खोचलेला, केस सुटलेले, अनवाणी. चपला भालेरावांच्या दारातच राहिल्या होत्या. आत काकूंच्या खांद्यावर काकांची मान पडलेली. सिस्टरांनी वॉर्डबॉयला शिवी दिली, तेव्हा स्ट्रेचर आलं. त्याची चाकं रांगोळीवरून गेली आणि आतपर्यंत दोन रंगीत पट्टे उमटले.

मोठ्या बाई बाजूला झाल्या. घाबरून म्हणाल्या, "हे कोण?"

सिस्टर थांबल्या. एक श्वास घेतला. "हा तुमचा हिरवा ठिपका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पोर्चमध्ये कुणाला काही सुचेना. सरांना सुचलं. सरांना नेहमीच सुचतं. ते पुढे झाले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "मॅडम, बघा, आमची टीम घरापर्यंत पोहोचते ती अशी!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बारा वाजता फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, आणि रुग्णवाहिका पोर्चमध्ये एक फेरी मारून परत जागेवर उभी राहिली.

काकांच्या छातीत न्यूमोनिया होता. आयसीयूत पाच दिवस गेले. तिथल्या तरुण डॉक्टर बाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. सिस्टरांना त्या एवढंच म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत." सिस्टर म्हणाल्या, "ते मला माहीत हाय. तुम्ही तुमचं बघा."

त्या शुक्रवारी दुपारी आयसीयूबाहेरच्या बाकावर मी त्यांच्याजवळ बसलो. कुठून तरी त्यांना रबरी चपला मिळाल्या होत्या, दोन्ही डाव्या पायाच्या. मी म्हटलं, "पाय ठीक होते, तरी तुम्हाला कसं कळलं?"

त्या जुनंच काहीतरी सांगायला लागल्या. कारखान्याच्या दवाखान्यात असताना साहेबांचा धोशा असायचा, विश्रांतीच्या चिठ्ठ्या कमी द्या. ज्या वर्षी सर्वांत कमी चिठ्ठ्या, त्या वर्षी दवाखान्याला बक्षीस. एक वेल्डर आला, लातूरकडचा, नवा. म्हणाला, छातीत जड वाटतंय. सिस्टरांनी बघितलं, ताप नाही, पाय कोरडे, नाडी बरी. दोन दिवसांवर सण होता. त्या मनात म्हणाल्या, गावाला जायचंय याला. पित्ताची गोळी दिली आणि परत मशीनवर पाठवला.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी पायातली एक चप्पल काढून उलटसुलट करून बघितली.

"त्या वर्षी मला मिक्सर मिळाला. बक्षीस. साहेबांच्या हातून. फोटो हाय माझा, हसतेय मी." मग त्या उठल्या. "चहा आण जा. साखर घाल म्हणावं."

इकडे खोलीत माझी वाट बघणं चाललं होतं. सर म्हणाले, महिन्याचा अहवाल आज जायला हवा आणि शून्याचं काहीतरी करायला हवं. उपाय त्यांच्याकडे तयार होता. अचानक दाखल झालेला रुग्ण मोजायचा असतो. नियोजित, म्हणजे आधी ठरवून दाखल केलेला, मोजायचा नसतो. "टीमनं घरी जाऊन निर्णय घेतला ना? म्हणजे नियोजितच झालं की," सर म्हणाले. "तू फक्त रकाना बदल."

मी बदलला. दोन क्लिक लागले. शून्य शून्यच राहिला.

सोमवारी सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि मला अहवाल वाचायला सांगितला. त्या कधी सांगत नसत, त्या दिवशी सांगितलं. मी वाचला. त्या म्हणाल्या, "भालेराव कुठं हायेत यात?"

"ते नियोजितमध्ये गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण आधीपासून ठरवून आणलं, असं."

मी आयुष्यात अनेकांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यांतली एकही आठवत नाही. त्या मात्र अगदी साध्या आवाजात, चौकशी करावी तसं म्हणाल्या, "तुलाबी मिक्सर दिला का रे?"

मग मी तो रकाना परत दुरुस्त केला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. तुम्हालाही वाचायला आवडलं असतं. मी नाही केला. मारुंजीचं छत मला चांगलं आठवत होतं.

दोन महिन्यांनी सिस्टरांच्या कराराचा नवा कागद निघाला नाही. गृहभेटींऐवजी व्हिडिओ कॉल करायचं ठरलं होतं, त्यात पाय दिसायचा प्रश्नच नव्हता. निरोप समारंभ मात्र थाटात झाला. शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह. सर त्यांना 'प्रोग्रामचा आत्मा' म्हणाले. सिस्टर उत्तरादाखल उठल्या, म्हणाल्या, "आत्मा काढून घेतला की काय उरतं, ते डॉक्टर सांगतील," आणि खाली बसल्या. हशा झाला. शाल त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींच्या खांद्यावर टाकली. स्मृतिचिन्ह टेबलावरच राहिलं. ते अजून तिथे असेल.

प्रोग्रामला पुढे कुठल्याशा परिषदेत पारितोषिक मिळालं. पारितोषिकाच्या स्लाइडवर सिस्टरांचा फोटो होता, भालेरावांच्या दारात उभ्या. तो मीच काढला होता. सरांनी तो असा कापला होता की फक्त टॅब्लेट धरलेला हात दिसावा. तो टॅब्लेट त्यांनी त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून, फोटोपुरता हातात घेतला होता.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. कुठल्याही तत्त्वासाठी नाही, दुसरी मिळाली म्हणून. रहाटणीला मात्र दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा इमारतीच्या फाटकापर्यंत गेलो आणि वर जायचा धीर झाला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दोन खोल्यांत नवं बिऱ्हाड होतं. गुडघे गेले म्हणून बाई भाचीकडे तळेगावला राहायला गेल्या, एवढंच त्यांना माहीत होतं. फोन लागत नव्हता.

मागच्या महिन्यात पिंपरीच्या भाजी मंडईत मला भालेराव काकू दिसल्या. मी ओळख दिली. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग म्हणाल्या, "कॉम्प्युटरवाले ना तुम्ही?" काकांचं विचारलं. गेले, म्हणाल्या. दिवाळीनंतर.

मला पहिला प्रश्न सुचला तो माझ्या जुन्या नोकरीतला होता. "कुठल्या हॉस्पिटलमध्ये?"

"घरीच," काकू म्हणाल्या. "बाई होत्या."

हॉस्पिटलनं काढल्यावरही त्या दर मंगळवारी येत राहिल्या होत्या. गुडघे धरत, बसनं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. शेवटी शेवटी काका उठेनासे झाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयात आता काही उरलं नाही, पुन्हा आणलंत तर नळ्या घालू, पण त्यानं काही होणार नाही. मुलगा म्हणत होता, नेऊ या. काकूंना कळेना. सिस्टर आल्या, काकांजवळ बराच वेळ बसल्या, बाहेर येऊन मुलाला म्हणाल्या, "बाबा रे, तेव्हा मी त्याला फरफटत नेला होता. आता मीच सांगते, नको नेऊस. तिथं त्याला एकटं पडावं लागंल." मुलगा रडला. नेलं नाही. त्या तीन दिवस तिथेच राहिल्या.

काकूंनी मेथीची जुडी निवडली, परत ठेवली, दुसरी घेतली.

"शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाल्या, यांना काय आवडतं? म्हटलं, पिठलं. पण सात वर्षं अळणीच खाल्लंय हो त्यांनी, मीठ बंद होतं. तर म्हणाल्या, करा पिठलं. आणि चांगलं सढळ हातानं मीठ घाला. मी म्हटलं, बाई, चालेल का? तर म्हणाल्या, आता सगळं चालतंय."

"मग?"

"मग केलं. बाईंनीच भरवलं. दोन घास खाल्ले त्यांनी." काकू हसल्या, पदरानं डोळे पुसले. "आणि हे मला काय म्हणतात माहितीय? म्हणे, जरा खारट झालंय."